घरटी एक सुपारी

॥ श्री ॥

मरोळ, अंधेरी (पूर्व)
सोमवार, १७ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. सुगंधावहिनींच्या पायांवर सुलक्षणाचं डोकं.

आम्ही सगळी इथे बरी आहोत, तुम्ही दोघं बरी असाल असं धरून चालते. तुमच्या अनुपमाचा खोकला गेला. सहावीत गेल्यापासून तिची उंची अशी वाढतेय की गणपतीत शिवलेला फ्रॉक आत्ताच आखूड होतो. कोकमं पोचली. कुळथाचं पीठ येताना पिशवीत सांडलं होतं, पण निम्मं हाती लागलं. आज सकाळी त्याचीच पिठी केली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. का ते पुढे येईलच.

पत्र तुमच्या नावाचं असलं तरी वाचणार भाऊजी, हे मला ठाऊक आहे. तुम्ही आत चुलीपाशी, ते ओटीवर चष्मा लावून, मोठ्या आवाजात. म्हणून आधीच विनंती करते. भाऊजी, आज मधली ओळ गाळायची नाही आणि मनातल्या मनात पुढे पळायचं नाही. मी लिहिलंय तसंच वहिनींना ऐकू जाऊ दे. अंतर्देशीय पुरलं नसतं म्हणून पाकीट घेतलंय, तेव्हा जरा सवडीने बसा.

काल आपल्या गावकरी मंडळाची सभा झाली. निकाल आधी सांगून टाकते, नाहीतर वहिनी पिठात हात घालून ताटकळत बसतील. मंडळाच्या शाळेतली वाचनाची खोली राहिली. गोदामाला दिली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

आता हे कसं झालं ते.

वहिनी, तुम्ही शाळा पाहिलीत तेव्हा ती खोली नुसती चार भिंतींची होती. मास्तरांचे पगार सरकार देतं, पण छप्पर, बाकं, पाणी, चुना हे सगळं आपल्या मंडळाने बघायचं. त्यासाठी सरकारकडून जे यायचं ते येतं तेव्हा येतं. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्याला खोके ठेवायला जागा हवी होती. दादूभाऊ अध्यक्ष झाल्यापासून त्यांच्या डोक्यात तेच. खोली भाड्याने द्यायची आणि त्यातून मुलींसाठी मुतारी बांधायची. दादूभाऊ चुकीचं बोलत होते असं मी म्हणणार नाही. मोठ्या मुली दिवसभर पाणी न पिता बसतात, हे मला त्यांच्याआधी ठाऊक आहे. अनुपमाच सांगते. पण त्यांनी तुम्हाला कळवलं, 'खोली रिकामी पडून आहे, पुस्तकांना वाळवी लागली', ते मात्र साफ खोटं. त्या खोलीत शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पाय ठेवायला जागा नसते.

मी तिथे शनिवारी बसते हे तुम्हाला माहीत आहे. काय करते ते माहीत नसेल. माझा नियम एकच आहे. पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं आणि पुढच्या शनिवारी त्यातली गोष्ट सगळ्यांसमोर उभं राहून सांगायची. सांगितली तर दुसरं पुस्तक, नाहीतर तेच परत. सुरुवातीला पोरं पळून जायची. मग हुशारी सुचली त्यांना. आदल्या दिवशी घरी आईसमोर, आजीसमोर गोष्ट सांगून तालीम करायला लागली. शिकलेली असो नसो, प्रत्येक घरात कुणीतरी गोष्ट ऐकायला लागलं. हे मी ठरवून केलेलं नाही, उगाच मोठेपणा नको. पोरांच्या आळसातून झालं.

अनुपमाबद्दल एक सांगते. गावाहून आली तेव्हा वर्गात तोंड उघडायची नाही. तिचं बोलणं ऐकून मुली हसायच्या. आता धाकट्यांना ती वाचून दाखवते, वेगवेगळे आवाज काढून. म्हाताऱ्याचा आवाज काढते तो अगदी भाऊजींचा. हे मी सभेत बोलले नाही. बोलले असते तर कदाचित काम सोपं झालं असतं. पण भाऊजींनी दादूभाऊंना शब्द दिलाय एका बाजूला आणि त्यांचीच मुलगी दुसऱ्या बाजूला, असं चारचौघांत करायला माझं मन झालं नाही.

आता सभेचं. मंडळाची रीत तुम्हाला ठाऊक आहे, गावातली तीच. माणशी मत नाही, घरटी एक सुपारी. भाऊ मुंबईत चार ठिकाणी राहत असले तरी गावचं घर एक तर सुपारी एक. पुढे दोन ताटं मांडली होती. एकात फूल, म्हणजे खोली राहू दे. दुसऱ्यात नाणं, म्हणजे भाड्याने द्या. जी घरं गावी आहेत त्यांच्या सुपाऱ्या दादूभाऊ आधी ठेवतात. आपली त्यांनी नाण्याच्या ताटात ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, "काशीरामाचो शब्द आसा." म्हणजे भाऊजी, तुमचा. हे पुढे पुरुषांत बसले होते. मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होते. गणपतीत तुम्हा दोघा भावांत जे झालं, त्यानंतर ह्यांनी घराबद्दल बोलणंच सोडलं आहे. गणपतीबद्दल मला काही लिहायचं नाही. मी लिहिणार नव्हते, पण आता शब्द निघालाच आहे तर पुढे येईल.

एकेक घर उठलं, सुपारी ठेवून आलं. मी मागे बायकांत बसले होते. आणि वहिनी, मला काय झालं सांगता येत नाही. पदराला घरातून आणलेली सुपारी बांधली होती. का आणली होती, हे विचारू नका. उठले, सरळ पुढे गेले आणि फुलाच्या ताटात ठेवली. परत येऊन बसले. भाऊजी, इथे घसा खाकरू नका. झालं ते झालं. तुम्ही शब्द दिलेला असताना मी तुमच्या घराची सुपारी दुसऱ्या ताटात ठेवली.

सुपाऱ्या काय, सगळ्या सारख्याच. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मोजणी झाली. घरांपेक्षा सुपारी एक जास्त. पुन्हा मोजली, पुन्हा जास्त. कुणी म्हणालं दादूभाऊंनी गावच्या घरांत घोळ केला. कुणी म्हणालं चिपळूणकडच्या पाहुण्याने ठेवली असेल. दादूभाऊंवर लोक धावून जायला लागले तेव्हा मला गप्प बसवेना. मी उठले. म्हटलं, "ती माझी."

सगळ्या माना मागे वळल्या. दादूभाऊंनी मोजून पाहिलं. माझी धरली तर दोन्ही ताटं बरोबरीला, नाही धरली तर नाण्याचं ताट एकाने पुढे. ते शांतपणे म्हणाले, आणि हेच मला जास्त लागलं, "सुलक्षणा, तुझी धरूक माझी हरकत नाय. पण दोन सुपाऱ्यो म्हणजे दोन घरां. काशीरामाचा वेगळा, अनंताचा वेगळा. लिवू काय तसा?"

सेक्रेटरीने पेनचं टोपण काढलं.

वहिनी, आता जे लिहिते ते मी कुणाला सांगणार नव्हते. सकाळपासून दोनदा लिहीत इथवर आले आणि दोनदा मी उठून भांडी घासली. त्या वेळी मी ह्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचा चेहरा मला वाचता येतो. हे 'हो' म्हणणार होते. रागाने नाही. कंटाळून. गणपतीत भाऊजी म्हणाले होते ना, 'मुंबईतला तुमचा तुम्ही ठरवतास तर वेगळे व्हा', ते ह्यांच्या डोक्यात इतके दिवस ठसठसत होतं. तिथे फक्त एक मान हलवायची होती.

माझ्या माहेरी हे झालं आहे. आधी चूल वेगळी झाली, मग विहिरीवरचा रहाट वेगळ्या वेळी फिरायला लागला, मग आत्याच्या लग्नाला काका परक्यासारखे जेवून गेले. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण एका घरात त्या दोन झाल्या की काय होतं ते मी लहानपणी बघितलंय. आणि मी या घरात आले तेव्हा, वहिनी, मला भाकरी थापता येत नव्हती, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात की आजच्या भाकऱ्या मीच बिघडवल्या. ते घर मी एका खोलीसाठी मोडायला निघाले होते.

ह्यांचे ओठ हलायच्या आत मी पुढे धावले. खरंच धावले, बायका हसल्या. फुलाच्या ताटातली एक सुपारी उचलली आणि म्हटलं, "घर एकच आहे. काशीरामभाऊंनी शब्द दिलाय तोच आमचा. माझं चुकलं." आणि रडू आलं. खोली गेली म्हणून आलं की घर राहिलं म्हणून, मला विचारू नका. दोन्ही असेल.

दादूभाऊंचा चेहरा उजळला. "बरा केलंस," म्हणाले, आणि निकाल सांगायला उठले.

तेवढ्यात सोनूबाई उठली. आपल्या खालच्या वाडीतली, नवरा गेल्यावर एकटी घर चालवते, नातीला घेऊन इथेच मरोळला राहते ती. तिची सुपारी नाण्याच्या ताटात होती. मुतारीसाठीच ठेवली होती तिने. ती कमरेवर हात ठेवून ताटापाशी गेली आणि एक सुपारी उचलली.

दादूभाऊ म्हणाले, "सोनूबाय, ठेवलेली सुपारी उचलूची नसता."

"मगे तिका कशी उचलूक दिलास?"

दादूभाऊंनी तोंड उघडायच्या आत ती पुढे म्हणाली,

"माझी नात दर शुक्रवारी माका गोष्ट सांगता. सोनार मगरीच्या पोटात गेलो, थंयसर गोष्ट इली हा. तो भायर इलो की नाय ता माका अजून समजूक नाय. तुझे खोके थंय भरलस तर माका कोण सांगतला? तू?"

असं म्हणून तिने सुपारी फुलाच्या ताटात टाकली. सभा हसायला लागली. फुलाचं ताट एकाने पुढे गेलं. मग धाकूच्या घरची उठली, पुरुषांत जाऊन नवऱ्याला कोपर मारून त्यालाच पाठवलं तिने. मग आणखी दोघं. एकदा उचलायला परवानगी दिली म्हटल्यावर दादूभाऊ कुणाला अडवणार? उचलली सुपारी आणि लावली दुसऱ्या ताटाला, असं चाललं. शेवटी तेच कंटाळून म्हणाले, "ऱ्हवांदे ती खोली. सोनूबायच्या सोनाराक भायर काढा."

मुतारीचंही ठरलं. या वर्षीचा मंडळाचा दशावतार देवळाच्या कौलांसाठी होता, तो शाळेच्या मदतीला करायचा. कौलं पुढच्या वर्षी. देव एक वर्ष थांबेल, पोरी किती थांबतील, असं बायकांनीच मागून ओरडून सांगितलं. तिकिटं खपवायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे. पुढच्या महिन्यात मला रस्त्यात बघून लोक गल्ली बदलतील.

तर भाऊजी, तुमची सुपारी हरली. ती अजून नाण्याच्याच ताटात आहे, तिला कुणी हात लावला नाही. मंडळाच्या वहीत आपलं घर एकच लिहिलेलं आहे. सेक्रेटरीने टोपण परत लावलं तेव्हा मी त्या टोपणाकडेच बघत होते.

घरी येताना ह्यांनी मरोळ नाक्यावर भजी घेतली, घरी येऊन अनुपमाला आधी दिली. मग मला म्हणाले, "तू धावलीस नसतीस तर मी बोललो असतो." मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाले, "बरं झालं." मग भजीच्या कागदाच्या घड्या घालत बसले. मला वाटतं ह्यांनाही सुटल्यासारखं झालं आहे. पण हे स्वतः लिहिणार नाहीत. तुम्ही दोघेही एकाच आईचे.

मी केलं ते मला चूक वाटतं का, असं वहिनी, तुम्ही विचाराल. उचलली ती बरोबर. ठेवली तीही बरोबर. दोन्ही खरं आहे, आणि एवढं लिहिल्यावर मला हलकं वाटतंय. भाऊजींनी माझ्यावर रागवायचं तर खुशाल रागवावं, माझी तयारी आहे. पण राग माझ्यावर काढा, ह्यांच्यावर नको. ह्यांनी मान हलवली नाही.

एक कार्ड टाका, भाऊजी. माझ्या नावाने नको. वर 'चि. अनंतास' एवढं लिहा, खाली सही करा. मधे काही सुचलं नाही तरी चालेल.

तुमच्या एकाच घरातली,
सुलक्षणा