दादाच्या जीपचे पाटे

प्रिय दादा,

तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनात भांडतेच आहे, पण आज लिहायला बसले त्याला कारण आहे. मी तुझ्या जीपचे स्प्रिंगचे पाटे काढले. चारही चाकांचे. शॉकपसुद्धा. चारकोपच्या गाळ्यात तुझी ती हिरवी जीप ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती, खालून सगळी उघडी. तू बघितलं असतंस तर माझ्याशी महिनाभर बोलला नसतास. आता ती परत खाली सोसायटीत उभी आहे आणि उद्या पहाटे आम्ही गावाला निघतोय. तुला न सांगता ती एवढ्या लांब नेली तर मला चोरट्यासारखं वाटेल. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी तुझं वर्ष होतं, म्हणून घरात गणपती आणला नाही. वर्षश्राद्ध झालं, यंदा आणायचा. पण मधे आई बाथरूममध्ये पडली रे. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन चालते. तोंड पहिल्यासारखंच चालतं, त्याची काळजी करू नकोस. पण डॉक्टरांनी बजावलंय, मोठा दणका बसता कामा नये. आणि आपल्या घरची वाट तुला माहीत आहे. डांबरी रस्ता फाट्यावर संपतो, पुढे कातळाच्या सड्यावरून खाली वाडीपर्यंत नुसते दगड. रिक्षावाल्यासमोर वाडीचं नाव काढलं तरी तो रिक्षा वळवतो. जीपशिवाय घरी पोचता येत नाही, आणि तुझ्या जीपमध्ये बसायचं म्हणजे दणकेच दणके.

मी म्हटलं, आई, फाट्यावरून तुला खुर्चीत बसवून नेऊ, चार जण उचलतील. तर म्हणाली, "चार जणांनी उचलूक मी काय मेलंय?" मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, "जमत नसात तर मी हयच रवतंय. तुमी जावा." हे ती ज्या आवाजात बोलली ना, तो आवाज मी तू गेलास त्या आठवड्यात ऐकला होता. त्यानंतर नाही. तेव्हाच ठरवलं, गाडी आईला सोसेल अशी करून घ्यायची. नाही जमलं तर यंदाही गणपती नाही.

तुझं ते पाट्यांचं प्रकरण मला कधी कळलंच नाही. कंपनीचे पाटे काय वाईट होते? तू प्रत्येक चाकाला दोन-दोन जास्तीचे घातलेस. का, तर गणपतीत सामान असतं. सामान कोणाचं? आख्ख्या सोसायटीचं! "दादा चाललाय ना, एवढी पिशवी टाक." कोणाचा मिक्सर कणकवलीच्या बहिणीला, कोणाचा टेबलफॅन आजोळी, नाईक काकूंचा तर दरवर्षी एक डबा, ज्यात काय असतं ते देवालाही माहीत नाही. तू एकालाही नाही म्हणाला नाहीस. पण गणपती किती दिवस? उरलेलं वर्ष ती रिकामी जीप लिंक रोडवर बकरीसारखी उड्या मारत जायची. तुझ्या शेजारी बसून एक वाक्य धड पुरं करता यायचं नाही. मी चिडून काहीतरी बोलायला जायचे आणि खड्ड्यात अर्धा शब्द गिळायचे. वर तू म्हणायचास, "आधी नीट बोलायला शीक."

आणि तो फाटा! रात्रभराचा प्रवास करून, वाटेत एकेकाच्या पिशव्या उतरवत आपण तिथे पोचायचो. घर पाच मिनिटांवर. अंग आंबलेलं, मला बाथरूमला जायची घाई, आणि तू इंजिन बंद करून उभा. कशासाठी, तर एसटी येईल. एसटी आली की उतरलेल्या माणसांना "चला रे, बसा" करत मागे कोंबायचास. आई तोवर झाडाखाली दगडावर बसलेली. गाडी भरली की तिला हाक, आणि मगच आपण निघायचो. मी सगळ्यांदेखत तुला पुढारी म्हणायचे. तू हसायचास, पण एकदाही खरं कारण सांगितलं नाहीस. हा राग माझा अजून गेलेला नाही.

बरं, पाटे बदलायचे म्हणून मी आधी अंधेरीच्या एका दुकानात गेले. तिथे सगळे तुझ्यासारखेच, गाडी चिखलात घालून वर फोटो काढणारे. काउंटरवरचा म्हणाला, "मॅडम, लिफ्ट किती पाहिजे? दोन इंच की चार?" म्हटलं, लिफ्ट म्हणजे? तर म्हणे गाडी उंच होते, दगडावर पोट घासत नाही. मी म्हटलं, "माझी आई ऐंशीला आलीय. आत्ताच तिला पायरी चढवत नाही. अजून उंच केली तर शिडी लावू काय?" तो म्हणाला, "तसं नाही, तुमचा यूज काय? डोंगर, चिखल, वाळू?" म्हटलं, "आई." त्याने हातातला कॅटलॉग मिटला.

पण पोरगा चांगला होता. पाणी दिलं आणि नीट समजावलं. खड्ड्याचा धक्का पाटे घेतात, आणि धक्क्यानंतर गाडीचं जे वरखाली नाचणं असतं ते शॉकप थांबवतात. दोघांचं जमलं पाहिजे. एक कडक आणि एक ढिला असेल तर वाट लागते. तू इतकी वर्षं गाडीबद्दल माझं डोकं खाल्लंस, त्यात हे एवढं साधं कसं नाही सांगितलंस?

मग मी तुझ्या मेकॅनिककडे, इस्माईलभाईंकडे गेले, चारकोपला. तुझं नाव निघाल्यावर त्यांनी आधी डोळे पुसले, मग चहा मागवला आणि मग माझं काही ऐकून न घेता निकाल दिला. "ताई, दोनो पट्टे निकाल डालते हैं. गाडी एकदम मक्खन." मी खूश. जास्तीचे सगळे पाटे निघाले. शॉकप जुनेच ठेवले, म्हणे अजून चालतील.

संध्याकाळी आईला पुढे बसवलं आणि खाडीकडच्या कच्च्या रस्त्यावर घेऊन गेले. पहिला खड्डा आला, धक्का नाही. आई माझ्याकडे बघून हसली. दुसरा आला. जीप खाली गेली, वर आली, परत खाली गेली, आणि मग डुलतच राहिली. तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यानंतर आई पांढरीफटक. "मनोरीच्या होडयेत बसल्यासारख्या वाटता गो," म्हणाली, आणि पुढचं सगळं माझ्या नव्या ड्रेसवर.

दुसऱ्या दिवसापासून पिशव्या यायला लागल्या. तू नाहीस तरी आल्या, मला बरं वाटलं खरं तर. मागे ठेवून बघितल्या, तर गाडीने बूडच टेकलं. पाटे सपाट, चाक मडगार्डला घासतंय. मी वर येऊन आईला म्हटलं, नाईक काकूंना सांगते, यंदा डबा बसने पाठवा. आईने बशीत चहा ओतायचा थांबवला. "माझ्या झिलाच्या गाडीतसून पिशवी परत जावची नाय."

मी वैतागले. कणिक मळत होते, तशीच ओरडले, "मग काय करू? त्याचे ते लोखंडी पाटे परत घालू? तू बसायचीस तरी कशी त्यावर?"

तर आई म्हणते, "माका कधी धक्को लागलो नाय."

"काहीतरीच काय? माझे दात पडायचे बाकी राहिले होते."

"तू रिकाम्या गाडीत बसायचंस. माका तेणां रिकाम्या गाडीत कधी बसवल्यान नाय. आधी माणसा भरी, मगे माका हाक मारी. फाट्यार काय उगाच थांबी तो?"

दादा, माझे हात परातीत तसेच राहिले.

हायवेभर पिशव्यांचं वजन. पिशव्या वाटेत उतरल्या की फाट्यावर गाडी रिकामी, आणि पुढे तो दगडांचा उतार. म्हणून एसटी. म्हणून "चला रे, बसा". माणसं भरली की ते कडक पाटे दबायचे आणि आई पुढच्या सीटवर आरामात घरी जायची. आणि मी तुला पुढारी म्हणत राहिले. एकदा तरी सांगायचंस ना रे. मी त्या कणकेवरच रडले. आई म्हणाली, मीठ आधीच घातलंय.

मला इतकी वर्षं वाटायचं, माणसं तुला लागतात. आता प्रश्न पडलाय, माणसं पाट्यांना लागत होती की तुला? आता कोणाला विचारणार? मला तर वाटतं तुलाही नक्की माहीत नसेल.

परत इस्माईलभाईंकडे गेले. या वेळी मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. जास्तीच्या दोनांतला एक पाटा परत घाला, एक बाहेर. तुझ्यासारखी आख्खी एसटी गोळा करायचं कसब माझ्यात नाही, पण चार माणसं मी नक्की जमवू शकते. शॉकप नवे घेतले, अंधेरीच्या त्या मुलाकडून, तेलाचे, कडक नसलेले. पाट्यांच्या टोकांचे कुरकुरणारे रबरी बुश बदलले. काढलेले पाटे इस्माईलभाई भंगारात टाकत होते, त्यातला एक मी घरी आणला. आईने दाराला लावून ठेवलाय, वाऱ्याने आपटू नये म्हणून. झकास काम करतो.

मग मी सोसायटीत जाहीर केलं, टेस्टिंगला चार वजनदार माणसं हवीत. कोणी कबूलच होईना. शेवटी नाईक काकू म्हणाल्या, "मी तशी हलकीच आहे, पण येते," आणि त्यांच्या मागून तिघं आली. आई पुढे बसली आणि गेटमधून बाहेर पडल्या पडल्या तिने मामाच्या म्हशीची गोष्ट काढली. तुला माहीत आहे ती किती लांब आहे. खाडीपर्यंत गेलो, सगळ्या खड्ड्यांतून गेलो, परत आलो, आणि आईचं एकही वाक्य मधे तुटलं नाही. गेटवर आल्यावर ती म्हणाली, "गोष्ट संपाक नाय, अजून एक फेरी मार." मारली.

आता खाली सामान भरून झालंय. काकूंचा डबा आहे, मिक्सर आहे, या वर्षी कोणाचा तरी कमोडही आहे, आईसारख्याच एका म्हातारीसाठी. आईने बॅगेत तुझा तो जुना गॉगल टाकलाय. का ते मी विचारलं नाही.

दादा, एक वचन देते. तुझी जीप मी रिकामी चालवणार नाही. मार्केटला जायचं असलं तरी खाली हाक मारीन, कोणी येतंय का. आणि उद्या संध्याकाळी फाट्यावर पोचले की इंजिन बंद करीन. आईला झाडाखाली बसवीन. कितीही घाई असली तरी एसटीची वाट बघीन, आणि ती चुकली तर पुढचीची. माणसं उतरली की "चला रे, बसा" म्हणेन. गाडी भरली की आईला हाक मारीन. मागून कोणी मला पुढारी म्हणालं तर हसेन, आणि कारण सांगणार नाही.

तुझी,
आता स्वतःच पुढारी झालेली,
बेबी