सातव्या वाफ्याचं विरजण

३ डिसेंबर
पारशिवनीला पोचले एकदाची! नागपूरचा मनीषनगरमधला फ्लॅट सोडून शेतावरच्या खोलीत बिऱ्हाड मांडलं. खिडकी उघडली की समोर हरभरा, पलीकडे संत्री. शेतमालक दादाजींनी बारा वर्षांत रासायनिक खताच्या पोत्याला हात लावलेला नाही. माझं काम असं: त्यांच्या मातीतले सूक्ष्मजीव तपासायचे आणि सगळ्यात जिवंत वाफ्याच्या मातीत गूळ-बेसन घालून विरजण करायचं. आसपासचे शेतकरी ते आपापल्या शेतात सोडतील. दादाजींच्या बायकोने, इंदुताईंनी, आल्याआल्या झुणका-भाकर वाढली. "लाजू नको वं, तुयंच घर हाये," म्हणाल्या. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

५ डिसेंबर
शेतातल्या आठही वाफ्यांत सुती कापडाच्या पट्ट्या पुरल्या. साधीच परीक्षा आहे. मातीतले जीव जितके कामसू, तितकं कापड लवकर कुजतं. चांगल्या मातीलाही महिना-दीड महिना लागतो.

९ डिसेंबर
सहज म्हणून उकरून पाहिलं. सातव्या वाफ्यात पट्टीच नाही! आधी वाटलं, जागा चुकली. मग खुणेची नायलॉनची दोरी सापडली, नुसती दोरी. दादाजी हरखून गेले. मीही. लगेच त्याच मातीचं विरजण लावलं.

१४ डिसेंबर
शेजारच्या गावचे नत्थूजी सकाळी विरजणाची पहिली कॅन घेऊन गेले. ते गेल्यावर मी सातव्याची माती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आधी धरायला हवी होती. बाकीच्या वाफ्यांत आठवडी बाजारासारखी गर्दी आहे: काड्या, गोळे, बुरशीचे धागे, एकमेकांना खाणारे, एकमेकांना पोसणारे. सातव्यात एकच जात. गांडूळ नाही, वाळवी नाही, मुंगीसुद्धा नाही. जिवंत मातीत कुणा एकाचं राज्य नसतं. इथे बाकी सगळ्यांना कुणीतरी खाऊन टाकलंय.

१७ डिसेंबर
दहा वाजता सातव्यात नवी पट्टी पुरली. बारापर्यंत गायब. बांधावरची सागवानी खुंटी आतून पोकळ झालीय. इंदुताईंची कुत्री दुपारी त्या वाफ्यात उन्हाला पडायची. आज तिथे फक्त तिच्या गळ्यातल्या पट्ट्याचं बक्कल होतं. इंदुताई संध्याकाळपर्यंत तिला हाका मारत होत्या. माझ्याने सांगवलं नाही.

१८ डिसेंबर
दादाजी शेतात कायम अनवाणी. आज खाटेवर त्यांचे तळवे पाहिले. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, आतलं लाल दिसत होतं. दुखतं का, विचारलं. म्हणाले, "दुखत नाई. गरम गरम वाटून राहिलं, बरं वाटते." इंदुताई रडत एकच विचारत होत्या, "काहून गेले तुमी त्याच्यात?" गाडी करून नागपूरला नेलं. दोन्ही पाय गुडघ्याखाली कापले. डॉक्टरांनी असं काही कधी पाहिलेलं नाही.

१९ डिसेंबर
विरजणाच्या टाकीत चुना ओतला. वाफ्याला काटेरी तार. नत्थूजी फोन उचलत नाहीत. एकच कॅन गेलीय. एकच. पण विरजण एक चमचाही पुरतं—

२० डिसेंबर, सकाळ
उजव्या हाताची नखं मऊ झालीत. हातमोजे न घालताच विरजण ढवळलं होतं मी. आता डाव्या हाताने लिहितेय. रिक्षा मिळाली. निघाले.

अकरा वाजता
नत्थूजींचं शेत. बांधावर उभी. हरभरा कमरेला लागतो— हरभरा एवढा वाढतच नाही. पाच एकरांत सोडलं म्हणाले. बैलगाडीत बसून बोलत होते, दोन्ही पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. अख्खं गाव बोलावलंय. बायका डबे घेऊन आल्यात, घरच्या शेतासाठी थोडी थोडी माती न्यायला.

मी ओरडले. शेतात उतरू नका, हात लावू नका म्हटलं. नत्थूजी हसले. "घाबरू नका म्याडम, सगळ्याईले पुरते."

कुणी ऐकत नाही. माझं काही झालं तर निदान हे वाचून— म्हणून लिहितेय.

एक बाई अनवाणीच आत गेली. कडेवर तान्हं. वाकली. मूठ भरली. कपाळाला लावली. आता तीच बोटं बाळाच्या—

उतरते मी. धावले तर अजूनही—