तीन गावांचं पार्किंग

नकाशेबहाद्दर,

"पोरीला गाडीत झोपायची सवय लावू नकोस, तूच अडकशील," असं तुझ्या आईंनी मला तेव्हाच बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं आणि गेल्या रविवारी ते अंगाशी आलं. समुद्रकाठची तीन गावं तू हौसेने आखलीस. झोपलेल्या पोरीजवळ गाडीत बसून मी तिन्ही गावांचं नुसतं पार्किंग पाहिलं. पहिल्या गावात समोर भिंत होती, दुसऱ्यात मासळीची ओली खोकी आणि तिसऱ्यात एका बसची पाठ. "ती उठली की फोन कर, आलोच," म्हणून तू तुझ्या बहिणीबरोबर गेलास. पोर उठल्यावर मी सात वेळा फोन केला. तू वाळूच्या पायांनी आलास आणि वर म्हणालास, "काय सुंदर होतं गं! तू असायला हवी होतीस."

आज मी असणार आहे. तुझी आंघोळ आटपायच्या आत आई आणि मी गाडी घेऊन निघतोय. नकाशा तुझाच घेतलाय. दर गावातून फोटो पाठवीन आणि खाली तुझंच वाक्य लिहीन. आई म्हणाल्या, "त्याचा फोन सात वेळा वाजू दे." मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही.

दूध फ्रिजमध्ये आहे, कोमट करून दे. सकाळी तिला गाडीतून दोन चकरा मारून आणलं, म्हणून आत्ता झोपलीय. पुढची झोप गाडीशिवाय तू आण.

हे वाचलंस की आधी आत जा. पांघरूण तोंडावर आलं नाही ना, श्वास नीट चाललाय ना, बघ आणि लगेच कळव. तेवढा फोन मी पहिल्या रिंगला उचलीन.