जनरलसाहेबांचा चेहरा

शिरूर,
ता. ७ नोव्हेंबर १९६२

चि. नथानिएल यास आबांचे आशीर्वाद. चि. सौ. लिडियास व लेकरांस प्रभू सांभाळो. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. आधी तुझ्या आईचा ताप, मग माझा डोळा आला, आणि खरे म्हणजे तुझ्या धाकट्या भावाचे पत्र आले की सगळी खुशाली एकदमच कळवू म्हणून थांबलो. येशुदासचे पत्र आले नाही. पलटण वर डोंगरात गेल्यापासून एक ओळ नाही. पोस्टमन मला पाहून लांबूनच मान हलवायचा, आता तर तो आमची गल्लीच चुकवतो असे वाटते. तुझी आई म्हणते तुम्हाला उगीच वाटते.

आज लिहायचे कारण निराळे. दौंडच्या गाडीवरचा नबीलाल कंडक्टर काल पाणी प्यायला घरी आला. हसत हसत म्हणाला की मामा, तुमचा येशुदास जनरल झाला व्हय? दौंडच्या चौकात लढाईच्या जनरलसाहेबांचं भलं मोठं चित्र लावलंय, खाली फंडाची पेटी हाय, आन् टोपीखालचं तोंड अगदी आपल्या येशुदासचं. वर म्हणे चित्राला झेंडूचा हार, समोर उदबत्ती.

तो हसला, मला हसू आले नाही. आपण शकुन मानत नाही, पाळकसाहेबांनी ऐकले तर मलाच बोलतील. तरी हार कोणाच्या तसबिरीला घालतात हे तुला मी सांगावे काय? ते चित्र तुझ्या हातचे असेल तर आधी तो हार उतरव. आई परसात होती, तिच्या कानी गेलेले नाही. लोभ आहेच.

तुझा बाप,
बन्यामीन

दौंड,
ता. १० नोव्हेंबर १९६२

ती. आबांस नथानिएलचा सलाम. ती. आईस नमस्कार. तुमचे पत्र पोचले. वि. वि.

चित्र माझेच. इथल्या फंड कमिटीचे हौसराव एक दिवस वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. मी म्हटले, मी रेल्वेच्या डब्यांवर आकडे रंगवणारा माणूस, मला तोंडे जमत नाहीत. त्यांनी ऐकले नाही. कात्रणात शाई अशी फुटलेली की टोपी आणि मिशा तेवढ्या कळत होत्या, मधे नुसता काळा डाग. नाक-डोळे आणायचे कुठून? येशुदासचा लष्करी पोशाखातला फोटो भिंतीवर होता, तो समोर ठेवला. मिशा चढवल्या, वय वाढवले, छातीवर पदके लावली. कोणाला पत्ता लागला नाही, एका नबीलालला लागला. येशुदास परत आला की सांगू, बाबा, तुला मी घरबसल्या बढती दिली. तो महिनाभर हसेल.

हाराचे मी पहिल्याच दिवशी बोललो. हौसराव म्हणाले, देशासाठी लढणाऱ्याला हार घालू नको म्हणतोस, कसला माणूस तू? चार लोक माझ्याकडे बघू लागले. दिवस असे आहेत की जास्त बोलता येत नाही. रोज सकाळी ताजा हार पडतो. मी कामावर जाताना पलीकडच्या रस्त्याने जातो. चित्र उतरले की तो चेहरा मी पुसून टाकीन, हा शब्द. तोवर आईला नबीलालशी बोलू देऊ नका. लोभ करता तसाच करावा.

आपला,
नथानिएल

दौंड,
ता. १ डिसेंबर १९६२

ती. आबांस सलाम. घाईत लिहितो.

लढाई थांबली तशी चौकातली गर्दीही पांगली. माघारीच्या बातम्यांनी लोक चिडलेले. परवा कोणीतरी चित्रावर चिखल मारला. हौसराव म्हणाले, उचल तुझा जनरल. घरी आणला. लिडिया त्याच्याकडे पाठ करून स्वयंपाक करते. मी पुसायला बसलो, रंगाची चिंधी डोळ्यांपर्यंत नेली आणि हात चालेना. गोणपाटात बांधून नबीलालच्या गाडीवर पाठवत आहे. मिशनच्या शाळेत तुम्ही माळी होता, तिथल्या अडगळीच्या खोलीत ठेवू देतील. मी सुटीत येऊन पुसतो. आईसमोर सोडू नका.

नथानिएल

शिरूर,
ता. ९ जानेवारी १९६३

चि. नथानिएल यास आशीर्वाद. वि. वि.

नाताळात तू आला नाहीस, ड्युटी होती हे कळले. बरेच झाले. आता सगळे लिहितो, मन घट्ट करून वाच.

तुझे गाठोडे आले तेव्हा मी गव्हाची पिशवी घेऊन गिरणीत होतो. परतलो तो आईने दोर सोडून चित्र भिंतीला टेकवले होते आणि पदर ओला करून त्याच्या गालावरचा चिखल पुसत होती. मी तिच्या रडण्याची वाट पाहिली. ती रडली नाही. म्हणाली, आवं बघा की, कानशिलापाशी केस तुमच्यासारखेच पिकल्यात. म्हंजी म्हातारपणी आपला येशुदास असा दिसंल. चांगला दिसतो.

त्या दिवसापासून तांदूळ निवडायला ती त्याच्याच समोर बसते.

गेल्या आठवड्यात शिक्रापूरचा म्हस्कू आला. तो येशुदासच्याच कंपनीतला, हिमाने पायाची बोटे गेली, बैलगाडीतून उतरवला. त्याला मी शाळेच्या आवारातच गाठले, घरी येऊ दिले नाही. तो म्हणाला की डोंगर उतरताना येशुदास सगळ्यांच्या मागं हुता, पाठीवर एक जखमी घेऊन. एका वळणानंतर दिसला न्हाई. गोळीबार तवा थांबला हुता, कैदेतबी गेला आसंल. आसंल, इतकेच. हे मी तुझ्या आईला सांगितलेले नाही. संध्याकाळी तिने मला विचारले, आज जेवण का जात न्हाई. मी दाताचे कारण दिले.

तर दोन कामे. तू चेहरा पुसायला येणार होतास, तो पुसू नको. रंग घेऊन ये, टोपी काढ, पदके काढ, मिशा काढ, अंगात साधा सदरा घाल. पांढरे केस मात्र तसेच राहू दे.

दुसरे, म्हस्कू म्हणतो कैद्यांची नावे पुण्याच्या लष्करी कचेरीत येतात. तुला रेल्वेचा पास आहे, रजा काढून जा. नाव असले तर घरच्या पत्त्यावर तार कर, आईच कोणाकडून तरी वाचून घेईल. नसले तर तार करू नको. शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावे कार्ड टाक. मी रोज सकाळी तिथे फाटकाशी जाऊन उभा राहतो. काय असेल ते, पण लवकर कळव.

तुझा बाप,
बन्यामीन