भट्टी उघडायची वेळ

ता. ४ जून

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आईचा गुडघा कसा आहे? मी ठीक, फक्त झोप उडालीय. आपल्या न तडकणाऱ्या मुशीच्या पेटंटला समोरच्या कारखान्याने हरकत घेतलीय. माझा अर्ज वाचून त्यांच्या कारागिरांनी धातू वितळवायच्या मुशी केल्या, त्या सगळ्या तडकल्या. बाबा, पेटंट हा सौदा असतो. काही वर्षं ती वस्तू आपल्याशिवाय कुणी करायची नाही. बदल्यात आपण कृती अशी लिहायची, की त्या धंद्यातल्या माणसाला नुसती वाचून जमावी. तुमच्याजवळ बसून मी शब्दन् शब्द उतरवला होता. माझ्याकडून काही सुटलं का? आमच्या वकिली कचेरीतल्या साहेबांना तर मी छातीठोकपणे सांगून बसलेय, की त्यांचे कारागीरच कच्चे असतील.

दादाला म्हणावं, बहिणीला दोन ओळी लिहिल्याने हात झिजत नाहीत. लोभ आहेच, उत्तरही लवकर यावं.

तुमची,
चिमणी

ता. ९ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून काही सुटलं नाही. मीच सांगितलं नाही. भाजलेली मूस तशीच बाहेर ठेवायची नसते, गरम राखेत पुरून सावकाश निवू द्यायची. आमच्या धंद्यात उस्ताद एक पायरी स्वतःपाशी ठेवतोच. दादाला ठाऊक आहे. तुला सांगितली असती तर तू लिहूनच टाकली असतीस. लहानपणापासून हरिश्चंद्राचा अवतार! शिवाय घरच्या शिकल्या पोरीने लिहिलेलं, त्यावर कोण शंका घेणार, असं वाटलं. आता तेवढी ओळ घालून टाक, म्हणजे झालं. आई म्हणते, वेळेवर जेवत जा. राग धरू नये, ही इच्छा.

बाबा

ता. १४ जून

तीर्थरूप बाबांस नमस्कार.

झालं नाही, बाबा. अर्ज दिल्यावर कृतीत नवं काही घालता येत नाही. तुमचं पत्र साहेबांना दाखवलं. माझ्या टेबलावरच्या फायली उचलून त्यांनी दुसऱ्याकडे दिल्या. उद्या सुनावणी आहे. विचारतील, लिहिलंय तेवढ्यावर मूस होते का. मी ‘नाही’ म्हणणार. पेटंट जाईल.

भट्टी उघडायची वेळ झाली, की तुम्ही मला चहा टाकायला घरात पाठवायचात. दादा तिथेच थांबायचा. मला इतकी वर्षं वाटत होतं, तुम्हाला माझ्या हातचा चहा आवडतो.

आईला नमस्कार. तुमच्या लोभाबद्दल कधी विचारलं नव्हतं. आज विचारते, आहे का?

तुमची लेक