बिजाचं पाणी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस गेला की त्याच्यावरचा राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडाऱ्याच्या आपल्या कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागामागच्या पत्र्याच्या खोलीत मी तुमचे पांढरे उंदीर सांभाळायची. डालडा, साखर आणि शेंगदाण्याचा कूट कालवून त्यांना गोळे चारायचे. खाऊन खाऊन ते इतके फुगत, की पिंजऱ्यात कूस बदलतानाही धापा टाकत. मग तुम्ही अलॉक्सान ताजं विरघळवून त्यांच्या पोटात टोचायचात. त्यानं स्वादुपिंड नासायचं आणि उंदरांना मधुमेह व्हायचा. बाटलीला तोंड लावून ते सारखे पाणी पीत, खालचा भुसा कितीही बदला, ओलाच. त्यातल्या काहींना आपण बिजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या झाडाच्या, लाकडाचा काढा पाजत होतो, कारण बिजाच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी साखरेवर चालतं असं आपल्याकडे गावोगाव म्हणत. काढा पिणारे उंदीरही मरत होते. काही सावरत, पण बिनकाढ्याचेही काही सावरत. अलॉक्सानचं असंच असतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

एका दुपारी बाबा करडीहून मला तांदूळ द्यायला आले. त्यांना साखर होती, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू होत्या. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत. कुणा प्रोफेसरानं बाबांना बसा म्हणण्याची ती पहिलीच वेळ. सावरलेला एक उंदीर उचलून तुम्ही त्यांच्यापुढे धरलात. "बघा, हा मरणार होता. तुमच्या लेकीनं बरा केला. तुम्ही कशाला गोळ्या गिळता? बिजाचं पाणी प्या." मी म्हणाले, "सर, अजून तसं काही ठरलेलं नाही." तुम्ही हसून म्हणालात, "मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये." धम्मदीक्षा घेतल्यापासून बाबांनी आमच्या घरात अंगारा येऊ दिला नव्हता, वैदूला, भगताला दारात उभं केलं नव्हतं. शिकलेल्या माणसाचंच ऐकायचं, हा त्यांचा नेम. अशा माणसाला तुम्ही शास्त्राच्या नावानं लाकडाचं पाणी पाजलंत.

त्यांनी गोळ्या सोडल्या. मी कॉलेजातून बेनेडिक्टचं निळं द्रावण घरी नेलं. त्यात बाबांच्या लघवीचे थेंब टाकून नळी चुलीवर धरते. निळ्याचं हिरवं होतं, पिवळं होतं, मग विटकरी. "बाबा, पाहा, साखर चढून राहिली. गोळी घ्या." ते नळीकडे पाहतात, मग माझ्याकडे. "सर कायले खोटं बोलतीन, माय? तू आता शिकून राहिली, थे शिकून बसले." त्याच वर्षी धानाच्या रोवणीच्या चिखलात त्यांच्या पायाला काहीतरी लागलं. जखम भरली नाही, काळी पडत वर चढली. नागपूरला नेऊन पाय कापला. बाबा घरी परत आले नाहीत.

तेराव्याचं आम्ही काही करत नाही. थोडे दिवस गेल्यावर मी तुमच्या घरी आले, जाब विचारायलाच आले होते. तुमच्या पत्नीनं दार उघडलं, बस म्हणाल्या, आणि फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढली. "यांची सुईची वेळ झाली गं. अंगवळणीच पडलंय आता, तू कॉलेजात आलीस त्याच्याही आधीपासून." तुम्ही बाही वर केलेली होती. मी एवढंच विचारलं, "सर, आणि बिजा?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "माझी गोष्ट वेगळी आहे."

उंदरांची खोली मी दुसऱ्याच दिवशी सोडली. पुढे मोहाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. तुम्ही गेल्याचं कळलं ते तिथेच. कॉलेजनं शोकसभा ठेवली आणि तुमची जुनी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला उभं केलं. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेले होते. पण तोंडातून निघालं ते भलतंच. आमच्या वस्तीतल्या पोरीच्या हातात प्रयोगशाळेची किल्ली देणारे तुम्ही पहिले, असं मी बोलले. समोरची माणसं डोळे पुसत होती. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. त्या दिवशी मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. ते खरं होतं.