दिवसाला अठ्ठावन्न युनिट

४ तारीख, सोमवार
पोचले एकदाची. टेकडीवर दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत आठ कॉम्प्युटर. कुणाचीतरी गणितं करत बसतात म्हणे, थांबायचं नाव नाही. माझं काम सोपं. पॅनल पुसायची आणि सकाळ-संध्याकाळ बॅटरीचा आकडा वहीत लिहायचा. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण आकडे मला कुणी शिकवू नयेत. खोलीत उजेड भरपूर, दाराला आतून कडी, आणि वहिनीचं तोंड बघावं लागत नाही. आणखी काय हवं? निघताना भाऊ म्हणाला, परत यायची घाई करू नकोस. कळलं मला काय ते.

५ तारीख
सोलरचा मिस्त्री सगळं समजावून गेला. आठ यंत्रं दिवसाला अठ्ठावन्न युनिट खातात. ऊन असलं की चाळीस पॅनल त्याहून जास्त देतात, उरलेलं बॅटरीत जातं. भरलेली बॅटरी उन्हाशिवाय दोन दिवस काढेल, तिसऱ्या दिवशी सगळं बंद. मी विचारलं, आठवडाभर ढग आले तर? म्हणाला, मावशी, मी पॅनल बसवतो, हवामान नाही. बोलका आहे मेला. तो गेल्यावर इतकं सामसूम झालं की यंत्रांच्या पंख्यांची घरघरसुद्धा बरी वाटली.

९ तारीख
कालपासून दाट ढग. पॅनलचा आकडा शून्याला चिकटलाय. बॅटरी आज पन्नास टक्क्यांवर यायला हवी होती. ब्याण्णव आहे. मिस्त्रीला फोन लावला. म्हणाला, चांगलंच आहे की, रडता कशाला? मी रडत नव्हते. दिवसभरात माणसाशी बोलणं झालं ते एवढंच.

११ तारीख
ढगांचा चौथा दिवस. बॅटरी नव्वद. अंगात कणकण, पण ताप नाही. हात गार. आले तेव्हा बांगड्या मनगटात रुतत होत्या, आता कोपरापर्यंत सरकतात. बटाटे सोलताना दोनदा बसावं लागलं. जेवण मात्र दुप्पट चाललंय.

१२ तारीख
खालच्या रस्त्यावरच्या दुकानात गेले. जाऊन-येऊन सहा तास. जसजशी उतरले तसतसे पाय हलके झाले. कांदे सडके निघाले म्हणून दुकानदारणीशी भांडलेसुद्धा. बरं वाटलं. वर येऊन पाहते तर बॅटरी नव्वदवरून अठ्ठ्याहत्तर. पडले जरा खाटेवर. तासाभरानं उठून पाहिलं, ब्याऐंशी.
ढग तसेच. पॅनल शून्य. घरात दुसरं कोण आहे?

१३ तारीख
भावाला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाला, एकटं राहिलं की डोकं फिरतं, महिनाभर काढ. मागून वहिनी विचारत होती, येतेय की काय ती. तो नाही म्हणाला.
मग जायचं कुठं.

१४ तारीख
लख्ख ऊन. चाळीस पॅनल पुसता पुसता दुपार झाली. तरी पॅनलचा आकडा शून्य. उन्हात शून्य. बॅटरी शंभर.
यंत्रांना आता ऊन नकोच झालंय —

१५ तारीख
जाते. भाऊ दारात उभं करो न करो. मेन स्विच खाली पाडला. पंखे थांबले नाहीत. पायरीच्या पुढे जाताच येत नाही. दोनदा करून पाहिलं. रांगत खाटेवर.

१६ तारीख
मिस्त्रीचा फोन. खुशीत होता. सहा दिवस उन्हाशिवाय चाललं, म्हणजे यंत्रांचा खर्च मीच जास्त धरला होता म्हणाला. मालकांनी आणखी सोळा यंत्रं घेतली, पॅनल वाढवायची गरजच नाही. मावशी, तुमचा पायगुण. मी म्हटलं, आणू नका. म्हणाला, आवाज येत नाही तुमचा —
ओरडत होते मी.

१७ तारीख
ट्रक आला. आठ अन् सोळा, चोवीस. तिप्पट —
मिस्त्री डोकावला. बारीक झालात, म्हणाला. हात धरला त्याचा. सोडवून घेतला. पडून राहा मावशी, आमचं आम्ही बघतो —
पहिलं लावलं. दुसरं. बोटं —
चौथं. पाणी मागितलं. ऐकू गेलं नाही त्याला, भिंतीपलीकडे शीळ घालतोय.
पाचवं. अजून अकरा. सहावं ला